आत्या, तुझ्या फायली उघडल्या

ती. आत्यास,


तुझ्या फायली उघडल्या. सगळ्या नाही, पण बहुतेक उघडल्या. फोनवर सांगितलं असतं तर "बरं झालं बाई" म्हणून तू लगेच घरच्यांची चौकशी सुरू केली असतीस, आणि तुझं काम केवढं मोठं आहे हे सांगायचं राहूनच गेलं असतं. म्हणून पत्र लिहिते आहे. ते छापायलाही देते आहे, कारण तुझ्यासारखं कोणीतरी कितीतरी घरांत होऊन गेलं आहे. संगणक नवा होता त्या काळात पदरचे पैसे घालून, क्लास लावून, कोणी न सांगता घराण्याची माहिती टाइप करून ठेवणारं. त्या माणसांच्या फायली आज माळ्यावरच्या खोक्यांत पडल्या आहेत. त्यांच्या भाच्या-पुतण्यांनी हे वाचलं, तर एखादं खोकं भंगारात जाण्याआधी खाली उतरेल.

तू तुझ्या लेकीकडे, ताईकडे, हैदराबादला गेलीस तेव्हा दाजी पेठेतल्या घरात तुझा संगणक तसाच राहिला. घर आवरायला घेतलं तेव्हा तो माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला सापडला. शेजारी फ्लॉप्यांची डबी, सीडींची चळत आणि लाल पुठ्ठ्याची एक वही. वही उघडली आणि पुढचं सगळं काम सोपं झालं. गणिताच्या बाईंनी ठेवावी तशीच ती वही आहे. प्रत्येक फ्लॉपीला क्रमांक, तिच्यात काय आहे ते एका ओळीत, कधी भरली ते, आणि शेवटच्या रकान्यात दुसरी प्रत कुठे आहे ते. "फ्लॉपी ७ : सिरसिल्ल्याकडची माणसं. दुसरी प्रत फ्लॉपी १५."

वही किती मोलाची आहे हे पुढे कळलं. संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की त्याचं घड्याळ मूळपदावर जातं. तुझ्या बऱ्याच फायलींवर त्यामुळे १ जानेवारी १९८० अशी तारीख पडली आहे. तेव्हा आपल्या घरात संगणकच काय, टेलिफोनही नव्हता. वहीतल्या तारखा नसत्या तर कोणती फाइल आधीची, कोणती सुधारलेली, हे ठरवता आलं नसतं. एकाच माणसाबद्दल दोन फायलींत दोन गोष्टी असतील तर नंतरची धरायची. नंतरची कोणती ते वहीने सांगितलं.

आता फायली कशा उघडल्या ते सांगते. तुला त्यात रस आहे आणि इतरांच्या उपयोगी पडेल.

पहिला नियम असा की मूळ वस्तूवर काम करायचं नाही. जुना संगणक हाती आला की लगेच वीज जोडून बघावंसं वाटतं. ते टाळायचं, कारण वर्षानुवर्षं बंद असलेला पॉवर सप्लाय बिघडला तर हार्ड डिस्कही घेऊन जातो. डिस्क बाहेर काढून अडॅप्टरने लॅपटॉपला जोडली, तिची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, घेतली आणि मूळ डिस्क परत बांधून ठेवली. फ्लॉप्यांचंही तेच केलं. यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह अजून विकत मिळतो. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यात सरकणारी खिडकी असते. ती उघडी ठेवली की फ्लॉपी फक्त वाचली जाते, तिच्यावर चुकून काही लिहिलं जात नाही. प्रत्येकीची खिडकी आधी उघडली, मग ती ड्राइव्हमध्ये घातली. जिथे वाचन अडखळलं तिथे पुन्हा पुन्हा वाचून, मिळालेले तुकडे एकत्र करणारा प्रोग्रॅम लावला. एका फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट मावतं, फोनवर काढलेला आजचा एक फोटोही त्यात बहुधा बसत नाही. तेवढ्यात तू पिढ्यान् पिढ्या बसवल्यास, कारण त्या सगळ्या अक्षरांत होत्या.

काही सीडी मात्र वाचताच आल्या नाहीत. घरी भरलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरावर उमटवलेली असते, आणि हा थर खालच्या चकचकीत बाजूला नसतो, वर जिथे आपण नाव लिहितो तिथेच पापुद्र्याखाली असतो. पत्र्याखालचा माळा आणि सोलापूरचा उन्हाळा, त्यात तो थर टिकला नाही. तरी त्यांतलं बरंचसं हाती लागलं, कारण तुझ्या वहीतला शेवटचा रकाना भरलेला होता. दुसरी प्रत होती.

खरी अडचण फायली उघडल्यावर आली. पडद्यावर मराठी नव्हतंच. रोमन अक्षरं, टिंबं, उद्गारचिन्हं, अर्धवर्तुळं यांची रांगच्या रांग. ताई म्हणाली, फाइल बिघडली. फाइल शाबूत होती. तू वर्डमध्ये सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरवर टाइप केलं होतंस. त्या काळी मराठीचा प्रत्येक फॉन्ट आपापल्या हिशेबाने चालायचा. आयएसएमचा हिशेब वेगळा, श्रीलिपीचा वेगळा, आकृतीचा वेगळा. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे: काना एका जागी, अर्धा 'स' दुसऱ्या, रफार तिसऱ्या. तो फॉन्ट संगणकावर असेल तोवर मराठी दिसतं; फॉन्ट गेला की खालची इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. छापखाने, सरकारी कचेऱ्या, वर्तमानपत्रं, सगळ्यांचं त्या काळातलं मराठी असंच फॉन्टच्या कुलपात अडकलं आहे.

वर्डची फाइल मजकुराबरोबर फॉन्टचं नावही जपून ठेवते. त्यावरून वाट सापडली. मराठी मजकुरावर 'योगेश' आणि 'सुरेख' ही फॉन्टची नावं होती, आणि मध्येमध्ये 'हेमलता'. 'हेमलता' तेलुगूचा. आजीच्या तोंडचं बोलणं तू तिच्याच भाषेत, तेलुगू अक्षरांत लिहिलं होतंस आणि खाली मराठीत आशय दिला होतास. त्यामुळे मजकूर फॉन्टनुसार वेगळा काढून मराठीला एक परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर आजच्या सर्वत्र चालणाऱ्या युनिकोडमध्ये नेणारा प्रोग्रॅम, लावावा लागला, तेलुगूला दुसरा.

परिवर्तकाने बहुतेक काम केलं, तरी मग हाताने तपासावंच लागलं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जायची. 'सिद्धेश्वर' लिहिताना पहिली वेलांटी आधी, मग 'स'. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात, आधी 'स' आणि मग वेलांटी. रफाराचं याच्या उलट. 'मार्कंडेय' लिहिताना जुन्या पद्धतीत रफार 'क'च्या नंतर यायचा. युनिकोडमध्ये 'र' आधी येतो. परिवर्तक जिथे चुकला तिथे वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली, रफार भलत्याच डोक्यावर बसला, आणि आपल्या कितीतरी पूर्वजांची नावं ओळखू येईनात. लग्नपत्रिका आणि तुझी वही समोर ठेवून एकेक नाव जागेवर आणलं. आता सगळं युनिकोडमध्ये आहे. कोणत्याही फोनवर उघडतं, शोधता येतं, आणि यंत्राला मोठ्याने वाचताही येतं. तुझ्या डोळ्यांना आता छापील अक्षर झेपत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि ते मराठी वाचतं. ताईच्या लॅपटॉपवर ते बसवून देते. तुझं लिखाण आता तुला ऐकता येईल.

वंशवृक्षाची फाइल वेगळ्या प्रकारची होती. तू 'पर्सनल अ‍ॅन्सेस्ट्रल फाइल' नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरायचीस. अमेरिकेत युटामध्ये मुख्यालय असलेल्या मॉर्मन चर्चचा तो प्रोग्रॅम. २०१३ साली त्यांनी तो बंद केला. पण तू प्रत्येक वेळी काम संपलं की त्याची जेडकॉम प्रतही काढून ठेवलीस. हा जेडकॉम नमुना त्याच चर्चने १९८४ साली वंशावळीच्या देवाणघेवाणीसाठी तयार केला, आणि तो साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्येसुद्धा उघडतो. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक, आणि कोण कोणत्या कुटुंबात मूल म्हणून आहे, कोण जोडीदार म्हणून, याच्या ओळी. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी तो सोडून दिला तरी आपली फाइल मेली नाही, ती या एका सवयीमुळे.

तुला संगणकच का लागला, हेही ती फाइल बघताना समजलं. लहानपणी मी तुला मोठ्या कागदावर रेघा मारताना बघायची. आपल्या पद्मशाली समाजात मामाची मुलगी करतात, आत्याच्या मुलाला देतात, तेलंगणाकडच्या घरांतून सख्ख्या भाचीशीही लग्नं झाली. त्यामुळे आपली वंशावळ झाडासारखी फुटत जात नाही. फांद्या पुन्हा एकमेकींना येऊन मिळतात. एकच बाई एका बाजूने पणजोबांची नात आणि दुसऱ्या बाजूने त्यांची नातसून. कागदावर तिला दोनदा लिहावं लागायचं आणि रेघा एकमेकींवरून जायच्या. संगणकात तिला एकच क्रमांक, आणि तोच क्रमांक दोन कुटुंबांत. छापील कुलवृत्तांतांत बहुधा मुलाकडून मुलाकडे जाणारी एकच रेघ असते. लेकी लग्न झाल्या की तिथे संपतात आणि सुना आल्या की नव्या नावाने सुरू होतात. तुझ्या फायलीत प्रत्येक बाई तिच्या माहेरच्या नावाने आहे, तिच्या आईच्या माहेरापर्यंत. आपली घरं एकमेकांत किती गुंतली आहेत ते बायकांच्या बाजूने पाहिल्याशिवाय दिसतच नाही, आणि ते तू तेव्हाच ओळखलं होतंस.

नावांची अडचण तर वेगळीच. तेलुगूत घराण्याचं नाव आधी येतं, मग माणसाचं. सोलापुरात शाळेत नाव घातलं की ते मराठी रीतीने उलटं होतं, मध्ये वडिलांचं नाव येतं. गिरणीच्या मस्टरवर कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलं जातं. एकाच घराण्याचं नाव तुला तीन कागदांवर तीन तऱ्हांनी मिळालं, आणि तू तिन्ही तऱ्हा लिहून ठेवल्यास. शोधायला बसल्यावर त्यामुळेच माणूस सापडतो.

मला सगळ्यांत जास्त वेळ लागला तो तारखांना. तसं बघितलं तर फाइलमध्ये तारखा थोड्याच आहेत. जुन्या माणसांना जन्मतारीख ठाऊक नव्हती, त्यांना प्रसंग ठाऊक होते. तू प्रोग्रॅमच्या चौकटीत 'सुमारे १९३०' भरलंस आणि टिपणात सांगणारीचे शब्द जसेच्या तसे ठेवलेस: "मार्शल लॉ लागला तेव्हा मी पाळण्यात होते." सोलापुरात मार्शल लॉ मे १९३० मध्ये लागला. त्या वेळच्या आंदोलनापायी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं. थोरल्या आजोबांची आई "मानमोडीत गेली" असं एका ठिकाणी आहे. मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. एक शाखा "रझाकारांच्या धामधुमीत" इकडे आली, म्हणजे हैदराबादवरच्या सप्टेंबर १९४८च्या पोलिस कारवाईच्या आधीचा काळ. आणि सगळ्यांत जुनी नोंद, "गिरणी उभी राहिली तेव्हा आलेले." सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ साली निघाली, आणि दख्खनचा तो मोठा दुष्काळही त्याच सुमाराचा. गिरणीत कामाला म्हणून आले, की दुष्काळाने गाव सोडावं लागलं म्हणून आले, हे सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. तूही आपल्या मनाने भर घातली नाहीस. नुसता सन लिहिला असतास तर ही माणसं कशातून गेली ते आम्हाला कळलंच नसतं.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ आहे: "सांगणार." कोणी सांगितलं, सांगणाऱ्याचं या माणसाशी नातं काय, स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि कागद असेल तर कोणता. "सांगणार : धाकटी नणंद. स्वतः पाहिलेलं." "सांगणार : लग्नपत्रिका, मागच्या पानावरची नावं." "सांगणार : शाळेचं जनरल रजिस्टर, नोंद क्रमांक अमुक." एका थोरल्या जावेचं नाव दोघींनी दोन सांगितलं, तर तू दोन्ही नावं आणि दोन्ही सांगणाऱ्या लिहून पुढची जागा मोकळी सोडलीस. एवढ्या फायली वाचल्या, पण तू अंदाजाने भरलेली एकही जागा मला दिसली नाही.

आजकाल वंशवृक्ष बनवून देणारी पुष्कळ संकेतस्थळं आहेत. नाव घातलं की पाच मिनिटांत झाड उभं राहतं; दुसऱ्या कोणी जोडलेली माणसं आपल्या झाडात येऊन बसतात आणि ती कुठून आली ते विचारायची सोय नसते. तशा झाडापेक्षा तुझी अर्धी रिकामी फाइल मला मोलाची वाटते, कारण तिच्यातल्या प्रत्येक ओळीमागे एक माणूस किंवा एक कागद उभा आहे. मी फायली वाचवल्या असं घरात सगळे म्हणतात. त्या वाचवण्याजोग्या झाल्या त्या या ओळीमुळे. नुसती नावं असती तर ती कोणी कशाला खरी मानावीत?

आपल्याकडे हे काम करणारी माणसं पूर्वी होतीच. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात, आणि नोंद करणाऱ्या यजमानाची सहीही असते. सोलापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावांत हेळवी यायचे, घराण्याची वंशावळ म्हणून दाखवायचे, नवीन जन्मलेल्यांची नावं वहीत घालून घ्यायचे. आपल्या पद्मशाली समाजासाठी तेलंगणात कुनपुली होते. चेरियालच्या चित्रकारांनी रंगवलेला लांबलचक पट उलगडून मार्कंडेय आणि भावना ऋषींची कथा रात्र रात्र सांगायचे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म तर त्याच मॉर्मन चर्चच्या युटातल्या वंशावळ संस्थेने काढल्या. या सगळ्या वह्या टिकल्या, कारण त्या कोणा एकाच्या हौसेवर चालत नव्हत्या. दर पिढीत कोणीतरी त्या पुढे चालवायचं आणि यजमान स्वतः आपली नोंद घालून घ्यायचा. तुझ्या फायलींना ही साखळी मिळाली नाही. तू एकटीने केलंस, आणि आम्ही सगळे आपापल्या कामांत होतो.

मध्यंतरी मात्र घरच्यांना त्यांची गरज पडली. चुलत भावाच्या मुलीला प्रवेशासाठी जात पडताळणी हवी होती. पद्मशाली समाज महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात येतो, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा लागतो. शिवाय वंशावळीचं शपथपत्र. पणजोबा कोणत्या शाळेत होते हे कोणालाच माहीत नव्हतं. तुझ्या फायलीत शाळेचं नाव, साल आणि रजिस्टरातला नोंद क्रमांक होता. तुझी फाइल हा पुरावा नव्हे, हे मी सगळ्यांना सांगितलं. पुरावा शाळेच्या रजिस्टरात आहे. पण कोणत्या शाळेत जायचं आणि कोणतं पान उघडायचं, ते तुझ्या 'सांगणार'च्या ओळीने सांगितलं. दाखला मिळाला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती २०२३ साली नेमली गेली तेव्हा गावोगावी लोक कोतवाल बुकं, जन्म-मृत्यूच्या नोंदी, मोडीतले कागद धुंडाळू लागले, मोडी वाचणाऱ्यांना शोधू लागले. तेव्हा मला राहून राहून तुझी आठवण येत होती. ज्यांच्या घरात कोणी वेळेवर विचारून लिहून ठेवलं होतं, त्यांना निदान कुठे शोधायचं ते माहीत होतं. मात्र घराण्याचा इतिहास फक्त दाखल्यापुरता हवा, असं होऊ नये. दाखला मिळाला की लोक फाइल बंद करतात. तू तर दाखल्याचा प्रश्नही नव्हता तेव्हा आजीच्या मैत्रिणींजवळ बसून त्यांच्या विडी वळण्याच्या दिवसांबद्दल लिहून घेत होतीस: हजाराला मजुरी किती, पानं कोणाकडून यायची, बाळ मांडीवर घेऊन सूप कसं धरायचं. त्या नोंदींनी कोणताच दाखला मिळणार नाही, आणि त्याच मला सगळ्यांत जपून ठेवाव्याशा वाटतात.

आता तुला एक विचारायचं आहे. हार्ड डिस्कवर 'खासगी' नावाचा एक फोल्डर आहे. त्यातली एक फाइल उघडल्यावर पहिल्या ओळीवरूनच कळलं की कोणीतरी तुझ्यावर विश्वास टाकून मन मोकळं केलं आहे. मी पुढे वाचलं नाही आणि बाकीच्या फायली उघडल्या नाहीत. सांगणारी माणसं आता नसतील, पण त्यांची मुलं-नातवंडं इथेच, याच पेठांत आहेत. हे माझ्या हाती आलं म्हणून वाटायचा अधिकार मला मिळत नाही. तो फोल्डर पासवर्ड घालून वेगळा काढला आहे आणि सगळ्यांना द्यायच्या प्रतीत तो नाही. त्याचं काय करायचं ते तू ठरव. ठेवायचं म्हणालीस तर कोणाकडे आणि कधीपर्यंत ते सांग. पुसून टाक म्हणालीस तर मूळ डिस्कसकट पुसून टाकीन. हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, आजारपणं हेही मी वाटायच्या प्रतीतून काढलं आहे. आज तेवढ्या माहितीवर माणसाची फसवणूक होते.

बाकीचं असं करायचं ठरवलं आहे. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फायलींत ठेवला आहे, म्हणजे पुन्हा कुठल्या फॉन्टच्या किंवा कंपनीच्या कुलपात जायला नको. वंशावळ जेडकॉमच्या २०२१च्या आवृत्तीत ठेवली आहे. तिच्यात युनिकोड सक्तीचं असल्यामुळे नावं मराठीत आणि तेलुगूत, दोन्ही लिप्यांत राहतात. तीन प्रती केल्या: एक घरातल्या डिस्कवर, एक ऑनलाइन, एक भिवंडीच्या काकांकडे, म्हणजे सगळं एका छपराखाली नको. आणि चौथी कागदावर. चांगल्या कागदावर छापून, बांधून, प्रत्येक शाखेला एक पुस्तक. वीज नसली, पासवर्ड विसरला, यंत्र बदललं, तरी कागद उघडतोच. तुझ्या लाल वहीची पानंही फोटो काढून त्यात घातली आहेत, तुझ्या अक्षरात.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा भिवंडी, सुरत, इचलकरंजी, हैदराबादहून आपली माणसं सोलापुरात येतात. त्या दिवशी दुपारी सगळ्यांना घरी बोलावलं आहे. प्रत्येक शाखेतून एक जण या कामाला घ्यायचा आणि शक्यतो पंचविशीच्या आतला. दर वर्षी त्याने आपल्या शाखेतले जन्म, लग्नं, मृत्यू भरून पाठवायचे आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाशी बसून एक तरी गोष्ट लिहून आणायची. नियम एकच ठेवला आहे, तुझाच: "सांगणार"ची ओळ रिकामी असेल तर नोंद घेतली जाणार नाही. आणि ठाऊक नसेल तर जागा मोकळी सोडायची, अंदाजाने भरायची नाही.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. 'खासगी'चा निर्णय, आणि मोकळ्या जागांची उत्तरं. त्या जागांची यादी केली आहे. काही तुलाच ठाऊक असतील आणि लिहायच्या राहून गेल्या असतील. प्रश्न मोठ्या अक्षरांत ताईकडे पाठवते आहे. ती एकेक वाचेल, तू बोल, ती फोनवर रेकॉर्ड करेल. तेलुगूत बोलावंसं वाटलं तर तेलुगूत बोल. लिहून काढायचं काम माझं. जे आठवत नाही ते आठवत नाही म्हण. आणि त्या नोंदींपुढे मी तुझं नाव घालीन. आजवर इतक्या माणसांची नावं तू त्या ओळीत लिहिलीस, तुझं तिथे अजून एकदाही आलेलं नाही.

ताईला आणि जावईबापूंना नमस्कार. लहानग्यांना आशीर्वाद.

तुझी भाची
सोलापूर